लाल पानाचा पाम, कुणाच्या नावाचा?

आंब्याची तांबूस पालवी आपल्या ओळखीची. पण अख्खी नवी झावळीच लाल निघणारा एक पाम आहे. पानात हरितद्रव्य भरण्याआधी लाल रंगद्रव्य दिसते. काही दिवसांत पान हिरवे होते. उष्ण, दमट हवा, कोवळेपणी सावली आणि पाण्याचा निचरा मिळाला की तो सावकाश वाढतो.

त्याचे शास्त्रीय नाव शांबेरोनिया मॅक्रोकार्पा. मी कवी, त्यामुळे आधी नावाच्या मागे लागलो. त्याचे मूळ घर न्यू कॅलेडोनिया, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचे बेट. १८५३ मध्ये फ्रान्सने ते घेतले. शांबेरों हा तिथल्या किनाऱ्याचे नकाशे करणारा नौदल अधिकारी. वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिएलार यांना त्याची मदत झाली, म्हणून १८७३ मध्ये त्याचे नाव या पामाला मिळाले.

रान मात्र कनाक लोकांचे. जमिनी गेल्या म्हणून १८७८ मध्ये ते उठले. त्यांचा नेता अताई मारला गेला. त्याची कवटी पॅरिसहून मायदेशी यायला २०१४ उजाडले.

अल्जीरियातल्या १८७१ च्या उठावाचे कैदीही याच बेटावर आणले गेले. त्यांनी सोबतच्या खजुराच्या बिया इथे रुजवल्या, असे त्यांचे वंशज सांगतात. नेसादियूच्या खोऱ्यात ते खजूर आजही आहेत. त्यांवर कुणाचेच नाव नाही.

हा लाल पाम तुम्ही लावलात, तर पाटीवर शास्त्रीय नावाखाली एवढे जरूर लिहा : कनाकांच्या रानातला.