जबाबदार पितृत्व धोरण, अमेरिकेतील
मुलांच्या संगोपनात वडिलांचा सहभाग वाढावा व द्विपालक कुटुंबे टिकावीत, यासाठीचे संघीय सरकारचे धोरण. बिल क्लिंटन यांच्या सहीने झालेल्या १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्यात त्याचा पाया आहे. २००६ मध्ये विवाह व पितृत्व कार्यक्रमांसाठी वार्षिक १५ कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातून स्थानिक संस्था पालकत्वाचे वर्ग चालवतात, बेरोजगार वडिलांना काम मिळवून देतात. ‘बिल्डिंग स्ट्राँग फॅमिलीज’ प्रयोगात मात्र तीन वर्षांनंतरही अविवाहित जोडप्यांमधील लग्नांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. सर्वांत खुपणारी विसंगती मुलाच्या निर्वाहखर्चाची आहे: आई सरकारी रोख मदत घेत असेल, तर वडिलांनी भरलेली रक्कम अनेक राज्ये मदतीची भरपाई म्हणून स्वतःकडे वळती करतात, मुलाच्या हाती त्यातले काहीच पडत नाही.