परराष्ट्राशी संधान : हैदराबाद १९४७-४८, एका आरोपाचा हिशेब

१/
परक्या राष्ट्राशी छुपे संधान बांधल्याचा आरोप राजकारणात फार जुना आहे. औसा, लातूर, नांदेड हा मुलूख १९४७-४८ मध्ये याच आरोपाच्या भोवऱ्यात सापडला होता. आरोप कोणी कोणावर केला, पुरावा किती होता आणि अखेर किंमत कोणी मोजली, याविषयीचा हा धागा.

२/
आधी भूगोल. लातूर जिल्हा १९८२ चा. त्यापूर्वी औसा आणि लातूर हे उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्याचे तालुके होते आणि १९४८ मध्ये तो जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औशाहून तुळजापूरमार्गे वाट सोलापूरला जाते. सोलापूर मुंबई प्रांतात होते. लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेने त्याच प्रांतात उतरत असे. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही नित्याची बाजारपेठ हैदराबाद सरकारच्या दृष्टीने दुसऱ्या देशात गेली.

३/
याचे मूळ कायद्याच्या एका पेचात होते. ब्रिटिश सार्वभौमत्व संपताच हैदराबाद स्वतंत्र राहील, अशी भूमिका निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच घेतली. भारताचे म्हणणे असे की, सुमारे १ कोटी ६० लाख लोकांच्या, चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या संस्थानाचा निर्णय एकट्या राजाचा असू शकत नाही. तेव्हा ‘परराष्ट्र’ कोणते, हाच मूळ वाद होता.

४/
म्हणूनच हा आरोप दोन्ही बाजूंनी झाला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. ७ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांच्या पक्षाने भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. पुढे कार्यकर्त्यांनी सोलापूर, बार्शी अशा सीमेपलीकडच्या ठिकाणी छावण्या उभारल्या. हैदराबाद सरकारच्या लेखी ही परदेशाच्या पाठबळावर चाललेली घुसखोरी होती. तिरंगा लावणाराच तेथे परक्याचा हस्तक ठरत होता.

५/
दुसऱ्या बाजूला होते कासिम रझवी. अलिगढला शिकलेले, लातूरला वकिली करणारे हे गृहस्थ मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष आणि रझाकार संघटनेचे सर्वेसर्वा झाले. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे त्यांच्या जमावाने वाटाघाटी करणाऱ्या शिष्टमंडळाच्या सदस्यांची घरे वेढली. भारताशी ठरत आलेला करार घेऊन दिल्लीला निघालेले हे शिष्टमंडळ जाऊच शकले नाही. राज्याचे धोरण दरबाराबाहेरून ठरू लागल्याची ही उघड खूण होती.

६/
अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला. मुदत एक वर्ष. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण यांसह समान हिताच्या विषयांत पूर्वीचीच व्यवस्था चालू राहील, हे त्याचे सार. पुढचे सगळे आरोप याच करारावर उभे आहेत. परराष्ट्र व्यवहार पूर्वीसारखेच चालायचे असतील, तर हैदराबादने तिसऱ्या देशाशी परस्पर व्यवहार करणे हा करारभंग ठरतो, असे दिल्लीचे म्हणणे होते.

७/
कराराच्या सुमारास पंतप्रधानपदी मीर लायक अली आले. व्यवसायाने अभियंता आणि उद्योजक. संयुक्त राष्ट्रांतील पाकिस्तानच्या शिष्टमंडळात त्यांनी नुकतेच काम केले होते. या नेमणुकीत बेकायदा काही नव्हते; संशयाला मात्र तिने पहिले खाद्य पुरवले.

८/
पहिला आरोप पैशाचा. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्या कर्जरोख्यांच्या रूपाने. म्हणजे भारताचीच हमी असलेले कागद पाकिस्तानच्या हाती गेले. त्याच सुमारास दोन फर्माने निघाली : मौल्यवान धातू भारतात नेण्यास बंदी आणि संस्थानात भारतीय चलनाची कायदेशीर मान्यता रद्द. हाली आणि कलदार असे दोन्ही रुपये हाताळणाऱ्या सीमाभागाच्या बाजाराला याची झळ थेट लागली.

९/
हैदराबादचा बचावही नोंदवला पाहिजे. कर्जाची बोलणी करारापूर्वीच झाली होती, असे लायक अली सांगत. रोखे कराराच्या मुदतीत वटवू नयेत, असे पाकिस्तानला कळवण्याची तयारीही त्यांनी दाखवली. शिवाय भारताने आर्थिक नाकेबंदी चालवली आहे आणि सीमेवरून हल्ले होऊ देत आहे, ही त्यांची उलट तक्रार होती. कर्ज दिल्याचे मात्र त्यांनी नाकारले नाही. वाद तारखेचा आणि अधिकाराचा होता.

१०/
दुसरा आरोप शस्त्रांचा. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ च्या उन्हाळ्यापासून लँकास्ट्रियन विमानांनी कराचीहून शस्त्रे आणली. रात्रीच्या अंधारात ही विमाने बीदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरत. ही कुजबुज नव्हती. पुढे इंग्लंडमध्ये कॉटनवर खटला चालला आणि त्याला २०० पौंड दंड झाला. परवान्याविना शस्त्रवाहतूक झाली होती आणि ती पाकिस्तानच्या भूमीवरून झाली होती, इतके निर्विवाद आहे.

११/
तिसरी गोष्ट उघडच घडली. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती परिषदेपुढे आली, तेव्हा भारतीय सैन्य संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. २२ सप्टेंबरला निजामांनी तार करून तक्रार मागे घेतली. तक्रार करणे म्हणजे फितुरी नव्हे. पण जे संस्थान स्वतःला राष्ट्र मानत होते, त्याचा दावा किती ठिसूळ होता, हे त्या महिन्यात जगाला दिसले.

१२/
चौथा धागा लंडनचा. त्याच सप्टेंबरमध्ये वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबादच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळवण्यात आले. थोड्याच दिवसांत निजामांनी कळवले की, हे आपल्या संमतीविना झाले, पैसे परत करा. बँकेने रक्कम गोठवली आणि दावा सुरू झाला.

१३/
मग ‘संधान’ सिद्ध होते का? कर्ज, शस्त्रे आणि निधी या तीन व्यवहारांपुरते उत्तर होकारार्थी आहे. निर्णय घेणारे हातही ओळखता येतात : लायक अली यांचे मंत्रिमंडळ, रझवींचा दबाव आणि निजामांची कधी संमती तर कधी हतबलता. यापलीकडे पुरावा पोहोचत नाही. निर्णायक क्षणी पाकिस्तानकडून लष्करी मदतही आली नाही. ११ सप्टेंबरला जिनांचे निधन झाले आणि १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य निघाले.

१४/
संस्थानातील सर्व मुसलमान या धोरणामागे होते का? याचे उत्तर त्याच ऑगस्टमध्ये मिळाले होते. सात नामवंत मुस्लीम गृहस्थांनी निवेदन काढून भारतात विलीन होण्याचा सल्ला दिला. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांवर सातत्याने टीका केली. २१-२२ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत त्यांचा खून झाला. हल्लेखोरांनी त्यांचा हातही तोडला.

१५/
१३ सप्टेंबरला सोलापूरच्या बाजूने सैन्य नळदुर्गमार्गे आत आले. १५ तारखेला लातूर आणि मोमिनाबाद (अंबाजोगाई) ताब्यात आले. १७ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. रझाकारांची लूट, जाळपोळ आणि खून सोसलेल्या गावांसाठी ही खरोखरच सुटका होती. त्या सुटकेचे मोल कमी करण्याचे कारण नाही.

१६/
पण कथा येथे थांबत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी संस्थानातील १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. पोलीस ॲक्शनच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा सावध अंदाज होता. मृतांत प्रचंड बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड.

१७/
लातूरविषयी अहवालाने स्वतंत्र लिहिले आहे. कच्छी मुस्लीम व्यापाऱ्यांमुळे भरभराटलेल्या या पेठेत वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे १० हजार मुस्लीम वस्तीपैकी जेमतेम ३ हजार माणसे समितीला तेथे आढळली. हजाराहून अधिक मारले गेले होते, उरलेले परागंदा. लातूर हे रझवींचे गाव, एवढे कारण पुरले. कराचीच्या विमानांशी या दुकानदारांचा काय संबंध, हे विचारायला कोणी थांबले नाही.

१८/
त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. मागावर शेजारी बसणाऱ्याला कोण परका आणि कोण आपला, हे ठाऊक होते.

१९/
सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेसे स्थान नाही, असे त्यांचे मत होते. आकड्यांवर आजही मतभेद आहेत, आणि समितीनेही आपला आकडा अंदाज म्हणूनच मांडला होता. परंतु अहवाल प्रसिद्धच न झाल्याने त्याची तपासणी व्हायला हवी होती, ती अनेक दशके झाली नाही.

२०/
आता ज्यांनी व्यवहार केले त्यांचे काय झाले, ते पाहावे. रझवींना शिक्षा झाली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. १९५७ मध्ये सुटून ते पाकिस्तानला गेले. लायक अली मार्च १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचले. निजाम २६ जानेवारी १९५० रोजी त्याच राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले.

२१/
लंडनच्या पैशाला मात्र न्याय मिळाला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी तेथील उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा हक्क फेटाळला. व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झालेली रक्कम निजामांच्या वारसांची व भारताची ठरली. एका बँकखात्याची शहानिशा ७१ वर्षे चालली. कागद तपासले गेले, तारखा जुळवल्या गेल्या, प्रत्येक बाजूला बोलू दिले गेले. लातूरच्या पेठेतल्या माणसांच्या वाट्याला यातले काहीच आले नव्हते.

२२/
दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा. पण निवडणुकीच्या सभांत ‘रझाकार’ हा शब्द आजही शिवीसारखा फेकला जातो, आणि तो बहुधा अशा माणसांवर, ज्यांच्या आजोबांनी ना रोखे पाहिले होते ना विमाने. शोएबुल्ला खान यांना रझाकारांनीच मारले, हे त्या सभांत कोणी सांगत नाही.

२३/
परराष्ट्राशी संधानाचा आरोप गंभीर असतो, म्हणूनच तो नावानिशी, तारखेनिशी आणि कागदानिशी करावा लागतो. १९४८ मध्ये नावे, तारखा आणि कागद तिन्ही उपलब्ध होते. तरीही हिशेब चुकता केला तो भलत्यांनीच.

(समाप्त)