चांदसा चेहरा, वाढलेलं पोट

माझी भाची पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. रात्री अमेरिकेची वेळ सांभाळायची आणि दिवसा पडदे लावून झोपायचं, असा तिचा संसार. ईदला घरी आली तेव्हा शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारून तिनं मोबाइलवरची एक जाहिरात माझ्यापुढे धरली. तुमचं पोट सुटलंय ते जेवणामुळे नव्हे, कॉर्टिसॉल नावाच्या ताणाच्या संप्रेरकामुळे. आमच्या गोळ्यांनी ते उतरवा, पोट आपोआप उतरेल. "मामू, घेऊ का?"

बी.ए.ला मराठी घेतलेल्या कवीला विचारायचा हा प्रश्न नव्हे. पण या कॉर्टिसॉलची आमच्या घराशी ओळख तिच्या जन्माच्या आधीपासूनची आहे. तिला तिच्या नानीची गोष्ट सांगितली आणि मग मीही थोडं वाचन केलं. आज तुमच्यापुढे मांडतोय तो त्या वाचनाचा इतिहास आहे, आणि मध्ये आमची अम्मीही आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. कॉर्टिसॉल तिथं तयार होतं. पहाटे ते रक्तात चढतं, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. ते नसेल तर माणूस जगत नाही. ते फार झालं तर काय होतं, हे हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदानं १९१२ साली आपल्या ग्रंथात एका तरुण बाईच्या रूपानं नोंदवलं. चेहरा गोल गरगरीत, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काटकुळे. १९३२मध्ये त्यानं अशा रुग्णांवर सविस्तर निबंध लिहिला आणि दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतल्या गाठीत दाखवला. या आजाराला आज कुशिंगचंच नाव आहे. वैद्यकाच्या पुस्तकात अशा चेहऱ्याला चंद्रासारखा चेहरा म्हणतात. आमच्या उर्दू शायरीनं शेकडो वर्षं जी उपमा माशूकासाठी जपून ठेवली, ती डॉक्टरांनी एका दुखण्याला देऊन टाकली.

म्हणजे कॉर्टिसॉलनं पोट वाढतं, हे खोटं नाही. खरी गंमत, किंवा खरी फसगत, इथूनच सुरू होते.

दुसरा प्रसंग सप्टेंबर १९४८चा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करत. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळं काढलेलं एक द्रव्य होतं. पुढे त्याला कॉर्टिझोन हे नाव पडलं. शरीरात गेल्यावर त्याचं कॉर्टिसॉलच होतं. मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते गुरांच्या पित्तापासून, पायरीमागून पायरी चढत, मोठ्या कष्टानं बनवलं होतं. त्याची इंजेक्शनं एकोणतीस वर्षांच्या एका बाईला दिली. सांध्यांनी जखडलेली ती बाई आठवड्याच्या आत चालत बाजारात खरेदीला गेली. १९५० साली केंडल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण तोवर चमत्काराची दुसरी बाजूही दिसू लागली होती. औषध चालू राहिलेल्या रुग्णांचे चेहरे गोल होत होते, पोटं सुटत होती, काहींच्या मनाचा तोल जात होता. कुशिंगनं पाहिलेला आजार आता सुईतून येत होता.

आणि आमच्या घरात तो पुडीतून आला.

साल १९९२. मी पदवी घेऊन नोकरीच्या शोधात होतो. अम्मीचे गुडघे इतके धरले होते, की नमाजात सजदा करता येईना. ती खुर्चीवर बसून नमाज पढायची आणि त्याचंच तिला जास्त दुःख व्हायचं. आठवडे बाजारात एक पुड्यावाला यायचा. शुद्ध जडीबुटी म्हणून राखाडी चूर्णाच्या पुड्या विकायचा. चौथ्या दिवशी अम्मीनं जमिनीवर सजदा केला. अब्बांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सगळ्यांनी त्या पुड्यावाल्याला दुवा दिली, मीही दिली.

आठ-नऊ महिन्यांत तिचा चेहरा भरला. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, "चाची, चांदसा मुखडा झालाय, मुलाची नोकरी लागली वाटतं!" पोटही वाढलं. दंड मात्र वाळत चालले होते, आणि बांगडी घासली तरी मनगटावर काळंनिळं व्हायचं. सुख अंगी लागलं, असं आम्ही समजत होतो. सुखाची ओळख पटायला आमच्या घराला तशी सवय नव्हतीच.

मग पुड्यावाला बाजाराला यायचा बंद झाला. पुड्या संपल्या. काही दिवसांतच अम्मीला उलट्या सुरू झाल्या, उठून बसली की चक्कर यायची, एका पहाटे ती उठेचना. बैलगाडी नव्हे, शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी तिचा चेहरा पाहिला, पोट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "पुड्या घेत होत्या का?"

तपासायला पुडी उरली नव्हती, पण त्यांना शंका नव्हती. चूर्णात स्टेरॉइड कालवलेलं होतं. वेदनेच्या बेनामी चूर्णांत असं स्टेरॉइड सापडल्याच्या नोंदी आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांतून अनेकदा आल्या आहेत. बाहेरून आयतं येतंय म्हटल्यावर मेंदू अधिवृक्क ग्रंथीला हुकूम देणं थांबवतो. ग्रंथी निजते, सुकते. मग बाहेरचं एकदम तुटलं की घरचंही नसतं, आणि रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांनी शिरेतून जे इंजेक्शन दिलं त्याचं नाव हायड्रोकॉर्टिझोन. हे कॉर्टिसॉलचंच औषधी नाव आहे. ज्यानं तिला त्या खाटेवर आणलं होतं, त्यानंच तिला उठवलं. पुढे गोळ्या मोजूनमापून, महिन्यामहिन्यानं कमी करत गेले.

आता ताणाकडे येतो. हान्स सेल्ये हा व्हिएन्नात जन्मलेला शास्त्रज्ञ कॅनडात माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करत होता. तो शोधत होता नवं संप्रेरक. सापडलं ते वेगळंच. उंदरांना काहीही टोचा, थंडीत ठेवा, दमवा, बदल तेच होतात. अधिवृक्क ग्रंथी फुगते, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्याचं छोटंसं टिपण छापून आलं. पुढे या प्रकाराला त्यानं पदार्थविज्ञानातला शब्द लावला. आपण त्याचं 'ताण' केलं. माझ्या लहानपणी ताण दोरीला असायचा, तंबूला असायचा. माणसाला काळजी असायची, जिवाला घोर असायचा, आमच्या घरात फिकर असायची. ती कोणाची, कशाची, हे सांगता यायचं. ताण आला आणि मुलीच्या लग्नाची काळजी नि बॉसचा राग एकाच मापात बसला. याच सेल्येनं पुढे तंबाखू कंपन्यांचे पैसे घेतले, हेही कागदोपत्री उघड झालेलं आहे. ताणावर बोट ठेवलं की विडीकाडीवरची नजर हटते, हे त्या धंद्याला चांगलं कळत होतं.

स्वीडनमध्ये पेर ब्यॉर्नटोर्प यांनी १९८०च्या दशकापासून पोटाच्या चरबीचा अभ्यास केला आणि तिचं नातं ताणाशी असावं, असं मांडलं. अमेरिकेत २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमरेशी चरबी असलेल्या बायकांच्या शरीरात प्रयोगशाळेतल्या ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल जास्त आढळलं. हे प्रामाणिक काम होतं. पण त्यातून कारण सिद्ध होत नव्हतं, आणि गोळीचा तर त्यात विषयच नव्हता. कुशिंगचा आजार दहा लाखांत वर्षाला मोजक्यांना होतो. साध्या लठ्ठ माणसाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल बहुधा इतरांसारखंच असतं.

बाजाराला एवढं थांबायला वेळ नसतो. अमेरिकेत १९९४च्या कायद्यानं पूरक आहाराच्या गोळ्या विकण्याआधी त्यांचा गुण सरकारपुढे सिद्ध करण्याची गरज ठेवली नव्हती. त्या मोकळ्या रानात 'कॉर्टिस्लिम' नावाची गोळी आली. जवळपास प्रत्येकाचं वजन १० ते ५० पौंडांनी घटेल, पोट-मांड्यांची चरबी नेमकी जाईल, असे दावे होते. दूरचित्रवाणीवर तिची जाहिरात चर्चेच्या कार्यक्रमाचा मुखवटा घालून यायची. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा जास्तच टोचतं. ऑक्टोबर २००४मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं विक्रेत्यांवर खटला भरला. जानेवारी २००७मध्ये आयोगानं वजन घटवण्याच्या चार उत्पादनांबाबतच्या तडजोडी जाहीर केल्या. एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर, त्यातले एक कोटी वीस लाख कॉर्टिस्लिमवाल्यांकडून. नाव मात्र त्यानंतरही बाजारातून गेलं नाही.

त्या गोळीतल्या घटकांची यादी वाचताना मी एका नावाशी थबकलो. बनाबा. फिलिपिन्समध्ये मधुमेहावर या झाडाच्या पानांचा काढा घेतात. शोधलं तर हे झाड म्हणजे आपली तामण! महाराष्ट्राचं राज्यपुष्प, ऐन उन्हाळ्यात जांभळ्या झुंबरांनी लगडणारी. तामणीवर कविता मी केल्या आहेत. तिचं पान अमेरिकेत ढेरी उतरवायच्या बाटलीत शिरलं असेल, अशी कल्पना मात्र कधी सुचली नाही.

भाचीच्या बाटलीत अश्वगंधा होती. हकीम मंडळी तिला असगंध म्हणतात आणि राजस्थानातल्या नागोरची चांगली मानतात. तिच्यावर थोडेफार प्रयोग झालेत. २०१२मध्ये भारतात ६४ जणांवर झालेल्या एका चाचणीत ६० दिवसांनी ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल कमी झालेलं दिसलं. चाचण्या छोट्या आहेत, मुदत थोडी आहे, आणि कॉर्टिसॉल थोडं उतरलं म्हणून पोटही उतरतं, असं त्यातून ठरत नाही. उलट यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. डेन्मार्कनं २०२३मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. मला ते टोक वाटतं, पण बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलं म्हणून डोळे मिटून घ्यावी, हे दुसरं टोक झालं. कॉर्टिसॉल खरोखर उतरवणारी औषधं आहेत. ती कुशिंगच्या रुग्णांना तज्ज्ञ देतात, वारंवार रक्त तपासून. आपल्याकडे १९५४चा आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि ज्या दुखण्यांवरच्या औषधांची जाहिरात करू नये त्यांच्या यादीत स्थूलपणा आहे. भाचीच्या मोबाइलला ते कोणी कळवलेलं दिसत नाही.

मी तिला विचारलं, पोटावर जांभळे पट्टे उमटलेत का? जिना चढताना मांड्या लुळ्या पडतात का? जरा लागलं की काळंनिळं होतं का? तसं असेल तर उद्याच डॉक्टरकडे जाऊ. तसलं काही नव्हतं. रात्रपाळी होती, पहाटे चारला मागवलेला पिझ्झा होता आणि दिवसाची तुटक झोप होती. "यावर गोळी नाही का मामू?" म्हणाली. मी म्हटलं, असती तर तुझ्या कंपनीनं फुकट वाटली असती. तिनं जाहिरात बंद केली आणि विचारलं, "मग नानीचं पुढे काय झालं?"

अम्मीची ग्रंथी जागी व्हायला वर्ष गेलं. चेहरा पहिल्यासारखा लांबट झाला, गालाची हाडं दिसू लागली, गुडघे पुन्हा धरले आणि खुर्ची परत आली. त्याच बायका दारात येऊन हळहळल्या, "चाची, किती उतरलात हो, नजर लागली कुणाची तरी!" अम्मी म्हणाली, "लागली होती, निघाली."