पहिला मजला कोणता?

‘पियानो’ म्हटलें कीं आपल्याला एक वाद्य आठवतें; इटालियन गृहस्थास मात्र त्याच शब्दानें घराचा मजलाहि आठवतो. सपाट या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो निघाला आहे. जमिनीलगतचा भाग तो ‘पियानो तेर्रा’ आणि त्याच्या वरचा तो ‘प्रीमो पियानो’, म्हणजे पहिला, अशी तेथील मोजणी आहे. आपल्याकडेहि तळमजला वगळून त्याच्या वरच्यास पहिला म्हणतात. रशियन किंवा अमेरिकन मनुष्य मात्र जमिनीवरच्या मजल्यापासूनच एक, दोन असें मोजूं लागतो. हिशेबाच्या दृष्टीनें त्याचीच रीत सरळ आहे. मग जें पायाखालीं आहे तें सोडून मोजण्याची बुद्धि युरोपांतील इतक्या लोकांस कां झाली? याचें उत्तर अंकगणितांत नसून घरांच्या इतिहासांत आहे, असें आम्हांस वाटतें.

फ्लॉरेन्स येथें कोसिमो दे मेदिची यानें १४४४ सालीं मिकेलोत्सो या शिल्पज्ञाकडून वाडा बांधावयास घेतला. त्याच्या तळाचे दगड ओबडधोबड आहेत. वर जावें तसे ते गुळगुळीत होत जातात. कुटुंबाचें प्रार्थनामंदिर वरच्या मजल्यावर असून त्याच्या भिंती बेनोत्सो गोत्सोली यानें १४५९ च्या सुमारास चित्रांनीं भरून टाकल्या. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांतहि हीच व्यवस्था होती: खालीं कालव्याकडे उघडणारें दार व मालाचीं कोठारें, वर मालकाचें बिऱ्हाड. या वरच्या मजल्यास ‘पियानो नोबिले’, म्हणजे खानदानी मजला, असें नांव पडलें. तळाशीं ओल, चिखल व रस्त्याचा गलबला. फार वर जावें तर जिन्यांचे श्रम. एकच जिना चढून मिळणारी जागा सर्वांत सुखाची, म्हणून तीच धन्याची.

मजल्यांचीं नांवेंहि याच गोष्टीची साक्ष देतात. फ्रेंच लोक तळाच्या भागास रस्त्याच्या पातळीचा एवढेंच म्हणतात. वरच्या मजल्यास त्यांचा शब्द ‘एताज’ असा आहे व जुन्या फ्रेंचमध्यें त्याचा अर्थ राहण्याची जागा असा होता. आपला ‘मजला’ हा शब्द अरबी ‘मंझिल’ पासून, म्हणजे उतरण्याच्या ठिकाणापासून, आलेला आहे; मजल दरमजल करणाऱ्या प्रवाशाची मजलहि तीच. इतक्या दूरच्या दोन भाषांत मजला म्हणजे मुक्काम! जमीन ती जमीनच. मुक्काम तिच्या वर.

पण जिन्याचें मोल सर्वांस सारखें पडत नसे. प्राचीन रोममध्यें हॉरेस कवीचा गुरु ऑर्बिलिअस यानें वृद्धपणीं आपलें दारिद्र्य सांगतांना, आपण कौलांखालीं राहतों, असें लिहिल्याचें सुएटोनिअस नमूद करतो. एकोणिसाव्या शतकांतील पॅरिसमध्येंहि पहिल्या मजल्यावर श्रीमंत आणि छपराखालच्या खोल्यांत मोलकरणी व गरीब, अशीच वांटणी होती. बार्सेलोनाच्या त्या काळच्या घरांत तर तळमजल्यानंतर ‘मधला’, मग ‘मुख्य’ आणि मग ‘पहिला’ असा क्रम सांपडतो. तेथें ‘पहिल्या’ मजल्यावर राहणारा मनुष्य प्रत्यक्षांत तीन जिने चढत असे. नांवानें मात्र एकच.

ही उतरंड उलटली ती लिफ्टमुळें. १८५७ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरील एका पांच मजली दुकानांत एलिशा ओटिस यानें माणसांची ने-आण करणारी, वाफेवर चालणारी लिफ्ट बसविली. पुढें अशा लिफ्टा सर्वत्र झाल्या तेव्हां उंचीचा त्रास गेला. उरला तो वारा, उजेड व दूरवरचा देखावा. मोलकरणीच्या खोलीची जागा धनिकानें घेतली. आज मुंबईंतहि जितकें वर जावें तितका भाव चढतो.

भाषेनें मात्र आपली मोजणी बदलली नाहीं. आपण ‘पहिला मजला’ म्हणतों तेव्हां कोठाराच्या डोक्यावर बसलेल्या त्या जुन्या धन्याचा मान नकळत राखतों. आणि एखाद्या दिवशीं लिफ्ट बंद पडली, म्हणजे बाराव्या मजल्यावरच्या आजीबाईंस ऑर्बिलिअसच्या जिन्याची लांबी कोणी सांगावी लागत नाहीं.