नऊ वाजून अठरा मिनिटं

९ एप्रिल १९६३, मंगळवार, सकाळी ८

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथ नौदल गोदीतून 'थ्रेशर' बाहेर पडली. नऊ महिने ती गोदीत दुरुस्तीला होती. लांब शेपटीच्या एका शार्कचं नाव मिळालेली ही अणुपाणबुडी ८५ मीटर लांब होती आणि आपल्या वर्गातली पहिलीच. आधीच्या अणुपाणबुड्या २१० मीटरच्या आसपास थांबायच्या, तर हिला ४०० मीटरपर्यंत उतरण्यासाठी घडवलं होतं. आता त्या खोलीची पुन्हा एकदा परीक्षा घ्यायची होती.

आत १२९ माणसं होती. त्यांतले ११२ नौदलाचे आणि १७ बिगरलष्करी, म्हणजे गोदीचे तंत्रज्ञ आणि यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांची माणसं. आपण केलेलं काम पाण्याखाली कसं चालतं ते पाहायला ते स्वतः निघाले होते. पाणबुडीचे कप्तान, लेफ्टनंट कमांडर जॉन वेस्ली हार्वी, जानेवारीतच रुजू झाले होते. अणुभट्टी सांभाळणारा एक अधिकारी मात्र बायकोच्या डोळ्याला इजा झाल्यामुळे घरी राहिला.

गोदीतून आणखी एक गोष्ट या पाणबुडीसोबत निघाली होती आणि ती कागदावर नोंदलेली होती. पाणबुडीच्या पोटात समुद्राचं पाणी खेळवणाऱ्या नळ्यांचं जाळं असतं. यंत्रं थंड ठेवायची तर बाहेरचं पाणी आत घ्यावंच लागतं, आणि ते बाहेरचा सगळा दाब सोबत घेऊनच येतं. 'थ्रेशर'मध्ये असे सुमारे ३,००० जोड चांदीच्या डाखाने सांधलेले होते. डाख बाहेरून चकचकीत दिसतो, पण आत धातू सगळीकडे पोचलाय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींनी तपासणी करावी लागते. गोदीत अशी तपासणी झाली ती १४५ जोडांची, आणि त्यांतले १४ टक्के कमअस्सल निघाले. मग तपासणी थांबली, कारण वेळ नव्हता. उरलेल्यांना हेच प्रमाण लावलं तर सुमारे चारशे कच्चे जोड घेऊन पाणबुडी समुद्रात जात होती. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हे. दोष माहीतच नसता तर गोष्ट वेगळी. इथे दोष सापडला होता, मोजलाही होता.

सकाळी ११

'स्कायलार्क' हे बचावजहाज येऊन मिळालं. दिवसभर उथळ पाण्यात बुड्या झाल्या आणि रात्रीतून दोघी पूर्वेकडे सरकल्या. सकाळी त्या केप कॉडच्या पूर्वेला सुमारे ३५० किलोमीटरवर असणार होत्या. किनाऱ्यालगतचा समुद्रतळ तिथे संपतो आणि तळ एकदम २,५०० मीटरच्याही खाली जातो.

'स्कायलार्क'कडे बुडालेल्या पाणबुडीतून माणसं वर काढायची लोखंडी घंटा होती. १९३९ मध्ये याच पोर्ट्समथ गोदीत बांधलेली 'स्क्वेलस' पाणबुडी ७३ मीटरवर बुडाली, तेव्हा अशाच घंटेने ३३ जणांना जिवंत वर आणलं होतं. पण ती घंटा २६० मीटरच्या खाली जाऊ शकत नव्हती. ज्या पाण्यात 'थ्रेशर' उतरणार होती तिथे तिला वाचवणारं साधन जगात कुणाकडेच नव्हतं.

१० एप्रिल, सकाळी ७.४७

समुद्र शांत होता. 'थ्रेशर' खाली निघाली.

दोघींमध्ये एकच धागा होता, पाण्याखालचा टेलिफोन. तो तारेविना चालतो. बोललेले शब्द ध्वनिलहरी होऊन पाण्यातून जातात. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात काही अंतरावरच विरतात, म्हणून खोल समुद्रात आजही आवाजाचाच आधार घ्यावा लागतो. पण थरागणिक पाण्याचं तापमान बदलतं, तसा आवाज वाकतो, घुमतो, त्याचे तुकडे पडतात. 'स्कायलार्क'वर कान देऊन बसलेल्यांना खालचं बोलणं ऐकू येत होतं ते असं, विहिरीच्या तळातून यावं तसं.

७.५२

१२० मीटर. पाणबुडी थांबली. कुठे गळतंय का ते प्रत्येक कप्प्यात पाहिलं गेलं. कुठेच गळत नव्हतं.

८.०९ ते ९.०२

नियोजित खोलीचं निम्मं अंतर पार झाल्यावर उतरण्याचा वेग कमी केला. ८.२५ ला ३०० मीटर. त्यानंतर पाणबुडी अगदी सावकाश, गोल फेऱ्या घेत उतरत राहिली. ९.०२ ला तिने वळण घेत असल्याचं कळवलं.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ४०० मीटरवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चाळीस किलोहून जास्त भार असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एखादा पाचवी-सहावीतला मुलगा उभा राहिल्यासारखा. इतक्या दाबाखाली नळीचा जोड सुटला तर पाणी नळाच्या धारेसारखं येत नाही. समोरची वस्तू दिसू नये इतका दाट फवारा उडतो, कानठळ्या बसतात आणि ते खारं पाणी विजेच्या पॅनेलवर जाऊन पडतं.

९.०९ च्या सुमारास

नौदलाच्या चौकशी न्यायालयाच्या मते हेच घडलं. मागच्या बाजूला, यंत्रांच्या कप्प्यात, एक जोड फुटला.

यावर दुसरंही मत आहे आणि ते बाजूला सारण्यासारखं नाही. नौदलात ध्वनिनोंदींचं विश्लेषण केलेल्या ब्रूस रूल यांनी पुढे समुद्रतळावरच्या श्रवणयंत्रांच्या नोंदी नव्याने वाचल्या. त्यांच्या मते आधी पाणी शिरलंच नाही, विजेचा पुरवठा बिघडला आणि ९.११ ला भट्टीचे मुख्य पंप थांबले. मोठा फवारा फुटला असता तर त्याचा आवाज नोंदीत सापडायला हवा होता, असा त्यांचा मुद्दा आहे.

सुरुवात कोणतीही असो, पुढची पायरी दोन्ही बाजू सारखीच सांगतात. अणुभट्टी आपोआप बंद पडली.

त्या काळच्या नियमानुसार भट्टी बंद पडली की वाफेच्या मुख्य झडपाही लगेच बंद करायच्या. भट्टीला इजा होऊ नये म्हणून हा नियम होता. जमिनीवर तो शहाणपणाचा ठरला असता. पण वाफ बंद म्हणजे पंखा बंद, आणि पंख्याच्या जोरावर नाक वर करून चढणं हाच खोल पाण्यातल्या पाणबुडीचा पहिला आधार. भट्टी पुन्हा सुरू करायला कित्येक मिनिटं लागायची. तापलेल्या भट्टीत तेव्हाही भरपूर उष्णता शिल्लक होती. तेवढ्या वाफेवर 'थ्रेशर' कदाचित वर आली असती. या अपघातानंतर तो नियम बदलला.

९.१३

टेलिफोनवर आवाज आला. किरकोळ अडचण आहे, नाक वरच्या बाजूला आहे, टाक्या फुंकायचा प्रयत्न करतोय, अशा अर्थाचा तो निरोप होता. नेमके शब्द काय होते यावर ऐकणाऱ्यांचंही पुढे एकमत झालं नाही. 'किरकोळ' हा शब्द मात्र टिकून राहिला. बोलणाऱ्याचा सूर शांत होता.

टाक्या फुंकणं म्हणजे बॅलास्ट टाक्यांतलं पाणी दाबलेल्या हवेने बाहेर ढकलणं. पाणी गेलं की पाणबुडी हलकी होते आणि वर येते. पंखा गेल्यावर हा दुसरा आणि शेवटचा आधार. हवा तयार होती, दर चौरस इंचाला ४,५०० पौंड इतक्या दाबाने बाटल्यांत कोंडलेली. 'स्कायलार्क'वरच्यांनी ती सुटल्याचा सळसळाट ऐकला.

आणि तो थांबला.

सायकलच्या ट्यूबचा वॉल्व दाबला की सुटणारी हवा बोटाला गार लागते. कोंडलेली हवा पसरली की थंड होतेच. ४,५०० पौंडांच्या दाबातून हवा सुटते तेव्हा ती इतकी थंड होते की तिच्यातला ओलावा जागच्या जागी गोठतो. 'थ्रेशर'च्या हवेत ओलावा होता. झडपांमध्ये कचरा जाऊ नये म्हणून बारीक जाळ्या बसवल्या होत्या, आणि त्या जाळ्यांवर बर्फ धरला. हे पुढे तिच्या बहिणीवर, 'टिनोसा'वर, गोदीत करून पाहिलं. अर्ध्या मिनिटात जाळ्या बर्फाने बुजल्या आणि हवा थांबली.

हे वाचताना मी बराच वेळ त्या अर्ध्या मिनिटापाशी अडकून पडलो. ही चाचणी अशक्य नव्हती. त्यासाठी समुद्रात जायचीही गरज नव्हती. धक्क्याला बांधलेल्या पाणबुडीत एक चाक फिरवायचं आणि मोजत राहायचं. ती चाचणी आधी कुणी एकदा केली असती तर!

९.१४ ते ९.१७

'स्कायलार्क'चे कप्तान स्टॅन्ली हेकर स्वतः माइकवर आले. पाणबुडी तुमच्या ताब्यात आहे का, असं ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. उत्तर आलं नाही.

खाली काय चाललं असेल ते यंत्रांच्या क्रमावरून कळतं. वेग संपला, टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि नाक वर असलेली पाणबुडी शेपटीकडून मागे घसरू लागली. जितकी खाली, तितकं तिचं कवच आवळलं जातं, तितकं ती कमी पाणी बाजूला सारते आणि तितकी आणखी जड होते.

९.१७ ला एक तुटका निरोप आला. त्यातला 'नऊशे' हा आकडा ऐकू आला. बरेच जण त्याचा अर्थ चाचणीच्या खोलीपेक्षा ९०० फूट खाली असा लावतात. हा अर्थ खरा असेल, तर त्या क्षणीसुद्धा आत कुणीतरी खोली वाचत होतं आणि ती वर कळवत होतं.

९.१८

'स्कायलार्क'च्या नॅव्हिगेटरने एक दबका, घुमणारा आवाज ऐकला. महायुद्धात त्याने तो ऐकला होता. जहाजाचा कप्पा चेपला जाताना तसाच आवाज येतो, असं त्याने चौकशीत सांगितलं. अटलांटिकच्या तळावरच्या श्रवणयंत्रांवरही तो उमटला. कवच चेपायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसावा.

वर समुद्र तसाच शांत होता.

१०.४०

'स्कायलार्क'ने पाण्यात हातगोळे टाकायला सुरुवात केली. वर या, असा त्याचा अर्थ. दीड तास सगळ्यांनी हीच आशा धरली होती की फक्त टेलिफोन बिघडला असेल. मग किनाऱ्याकडे संदेश निघाला, पण रेडिओ जुळायला वेळ गेला. संध्याकाळी शोध घेणाऱ्या एका जहाजाला तेलाचा तवंग दिसला. त्यात बुचाचे तुकडे, प्लॅस्टिक आणि रबरी हातमोजे तरंगत होते. दुसऱ्या दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल जॉर्ज अँडरसन यांनी पाणबुडी बुडाल्याचं जाहीर केलं.

त्यानंतरचे महिने

तीन वर्षांपूर्वी, २३ जानेवारी १९६० रोजी, अमेरिकी नौदलाच्या 'त्रिएस्त' नावाच्या यानातून जॅक पिकार आणि डॉन वॉल्श महासागराच्या सर्वांत खोल जागी, जवळजवळ ११ किलोमीटर खाली जाऊन आले होते. माणसाने तळ गाठला होता. आणि आता २,५६० मीटरवर पडलेली, ८५ मीटर लांबीची पाणबुडी नेमकी कुठे आहे हे त्याच देशाला सापडत नव्हतं. खाली जाणं आणि खाली काही शोधणं या दोन अगदी वेगळ्या विद्या आहेत, हे त्या उन्हाळ्यात कळलं. जहाजं दोरांना कॅमेरे बांधून चिखलावरून ओढत होती. खालच्या काळोखात दिव्याचा उजेड काही मीटरच पोचतो. मैलोन् मैल शेत पायाने चाचपत सुई शोधावी, तसं ते काम होतं.

शेवटी 'त्रिएस्त'लाच सॅन दिएगोहून आणलं. तरंगायला पोटात लाखभर लिटर पेट्रोल, वजनाला लोखंडाच्या गोळ्या आणि खाली टांगलेल्या गोळ्यात दोन-तीन माणसं. पाणबुडीपेक्षा त्याचं नातं फुग्याशी जास्त होतं. २४ जूनला पहिली बुडी झाली. ऑगस्टच्या अखेरीस त्याच्या यांत्रिक हाताने चिखलातून एक वाकलेली नळी उचलून आणली. तिच्यावर लिहिलं होतं, '५९३ बोट'. ५९३ हा 'थ्रेशर'चा क्रमांक.

त्याच वर्षी २० डिसेंबरला अमेरिकी नौदलाने 'सबसेफ' ही व्यवस्था सुरू केली. समुद्राचा दाब झेलणाऱ्या प्रत्येक जोडाची, प्रत्येक झडपेची तपासणी करायची, कागदावर सही घ्यायची आणि ती सही नसेल तर पाणबुडी बाहेर पडू द्यायची नाही. त्या व्यवस्थेतून मंजूर झालेली त्यांची एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. खोल समुद्रात जाऊन अडकलेल्या पाणबुडीला चिकटणाऱ्या छोट्या बचावयानांची कल्पनाही याच धक्क्यातून पुढे आली. त्या जातीचं एक यान २०१८ पासून मुंबईत, आपल्या नौदलाच्या पश्चिम ताफ्यापाशी आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या पाणबुड्या याच किनाऱ्यावरून समुद्रात उतरतात.

१ सप्टेंबर १९८५, रात्री एकच्या सुमारास

समुद्रशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅलार्ड यांना 'टायटॅनिक' शोधायचं होतं. नौदलाने पैसे दिले ते वेगळ्या कामासाठी. आधी तळावरच्या दोन पाणबुड्यांची पाहणी करायची, 'थ्रेशर' आणि १९६८ मध्ये बुडालेली 'स्कॉर्पियन'. वेळ उरला तर 'टायटॅनिक'. ते 'थ्रेशर'वर कॅमेरे घेऊन गेले तेव्हा त्यांना सलग सांगाडा दिसलाच नाही. अवशेषांची लांबच लांब शेपटी होती. जड वस्तू सरळ खाली गेलेल्या, हलक्या प्रवाहाबरोबर वाहत दूर पडलेल्या. त्यावरून त्यांना सुचलं की जहाज शोधण्यापेक्षा त्याची शेपटी शोधावी. ती कितीतरी लांब असते, आडवं कापत गेलं तर चुकत नाही.

'टायटॅनिक'साठी त्यांच्या हाती बारा दिवस उरले. त्या रात्री 'नॉर' जहाजावरच्या पडद्यावर आधी भंगार आलं आणि मग एक बॉयलर. खोलीत जल्लोष झाला. थोड्या वेळाने कुणाचं तरी लक्ष घड्याळाकडे गेलं. 'टायटॅनिक' बुडालं त्या वेळेच्या आसपासचीच वेळ होती. सगळे जहाजाच्या मागच्या भागात गेले आणि बुडालेल्या दीड हजार माणसांसाठी काही क्षण उभे राहिले.

तिथवर आणणारी वाट ज्या १२९ जणांच्या पाणबुडीच्या अवशेषांनी दाखवली, त्यांचं नाव बॅलार्ड घेऊ शकत नव्हते. ती मोहीम गुप्त होती. ते सगळं उघड झालं २००८ मध्ये.