प्रोजेक्ट प्रपोजल कसं लिहायचं? वेबच्या मूळ प्रपोजलमधून शिकण्यासारखं बरंच आहे

फायनल इयरचा प्रोजेक्ट असो, गुगल समर ऑफ कोड असो, नाहीतर ऑफिसात मॅनेजरकडून दोन महिने आणि एक सर्व्हर मागायचा असो, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक कागद लिहावा लागतो. त्याला प्रोजेक्ट प्रपोजल म्हणतात. कॉलेजात सिनॉप्सिस म्हणतात, पण काम तेच. बहुतेक जण तो सिनियरच्या जुन्या फाइलमधून उचलतात आणि नावं बदलून सबमिट करतात. (आता चॅटबॉटकडून लिहून घेतात. वाचणाऱ्याला दोन्ही पहिल्या ओळीतच कळतं.)

मीही हेच केलं होतं. आमच्या ग्रुपने एसटी कुठपर्यंत आली हे मोबाइलवर दाखवणाऱ्या ॲपचं अकरा पानी सिनॉप्सिस दिलं. पहिली चार पानं ‘आजच्या डिजिटल युगात’ या विषयावर होती. नंतर आर्किटेक्चर डायग्राम, मग अँड्रॉइडचा इतिहास. सरांनी पानं चाळली आणि एकच प्रश्न विचारला, “बसमध्ये जीपीएस कोण बसवणार?” आम्ही चौघंही गप्प. अकरा पानांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. सिनॉप्सिस परत आलं आणि तीन आठवडे गेले.

चूक भाषेची नव्हती. प्रपोजल म्हणजे होकार मागणारा कागद, हे आम्हाला कळलंच नव्हतं. समोरच्या माणसाला हो म्हणायचं असेल तर काही ठरावीक गोष्टी कळाव्या लागतात. आत्ता नेमकं काय अडतंय? तुम्ही काय बनवणार आणि काय नाही? कधी काय दिसेल? माझ्याकडून काय हवंय? यातलं एक जरी सापडलं नाही, तरी तो “बघू” म्हणतो.

‘मोघम, पण भन्नाट’

हे समजून घ्यायला एक खरं प्रपोजल बघू. तुम्ही आत्ता ज्यावर हा लेख वाचताय, त्या वर्ल्ड वाइड वेबचं. ते इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं.

मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होता. त्याने ‘इन्फर्मेशन मॅनेजमेंट : अ प्रपोजल’ या नावाचा कागद लिहून आपले साहेब माइक सेंडल यांना दिला. सेंडल यांनी पहिल्या पानावर वरच्या बाजूला हाताने शेरा मारला, ‘व्हेग बट एक्सायटिंग’. म्हणजे मोघम आहे, पण भन्नाट आहे.

हा किस्सा सगळीकडे ‘बघा, साहेबांना कळलंच नाही’ अशा सुरात सांगितला जातो. मला तो सूर पटत नाही. कागद वाचला की शेरा बरोबर वाटतो. त्यात जे उत्तम आहे ते अगदी उत्तम आहे, पण नेमकं काय बनणार आणि कधी, हा भाग धूसर आहे. पहिल्या टप्प्याला दोन माणसं ६ ते १२ महिने पुरतील, असा त्याचा अंदाज होता. सहा की बारा? दुप्पट फरक आहे! कोणता मॅनेजर यावर सही करेल?

मात्र कागदाची सुरुवात बघा. तिथे ‘संगणकामुळे जग बदलत आहे’ वगैरे काही नाही. सर्नमध्ये हजारो माणसं, आणि बरेच जण साधारण दोन वर्षांतच निघून जातात. जाताना माहिती घेऊन जातात. नवा माणूस आला की हा प्रोग्राम कुठे वापरला जातो, हे कुणी लिहिलं, कोणता कागद कुठे आहे, हे शोधण्यात सगळ्यांचा वेळ जातो. झालं. सेंडल यांना हा त्रास रोज दिसत असणार, त्यामुळे प्रॉब्लेम आहे की नाही यावर वाद घालायला जागाच उरत नाही.

नंतर नोव्हेंबर १९९० मध्ये बर्नर्स-ली आणि रॉबर्ट कायो या सहकाऱ्याने मिळून नवं प्रपोजल लिहिलं. कल्पना तीच, कागद मात्र वेगळा. काम दोन टप्प्यांत. पहिले तीन महिने साधे ब्राउझर, म्हणजे आधीपासून असलेली माहिती वाचता येईल एवढंच. पुढचे तीन महिने वापरणाऱ्यांना स्वतःची माहिती टाकता येईल. माणसं किती? चार सॉफ्टवेअर इंजिनियर आणि एक प्रोग्रामर. प्रत्येकाला एक वर्कस्टेशन, प्रत्येकी १० ते २० हजारांचं, मिळून ५० हजार. लायसन्स, भेटी आणि सल्ल्यासाठी आणखी ३० हजार. (हे आकडे अर्थातच रुपयांतले नाहीत.) फाइलसाठी जागा आणि सिस्टिम सांभाळणाऱ्यांची मदत संस्थेकडून फुकट मिळेल असं आम्ही धरलंय, हेही लिहिलेलं आहे.

माझी सगळ्यात आवडती जागा याच कागदात आहे. हा प्रोजेक्ट काय करणार नाही, याची यादी. कुणालाही ठरावीक वर्ड प्रोसेसर वापरायची सक्ती करणार नाही. आवाज आणि व्हिडिओ अशा चकचकीत मल्टिमीडियावर संशोधन करणार नाही. कोणाला काय दिसावं याची गुंतागुंतीची परवानगी-व्यवस्था करणार नाही. आज वेब म्हटलं की निम्मा वेळ व्हिडिओच बघतो आपण! पण तेव्हा त्याच्या मागे लागले असते, तर तीन महिन्यांत साधा ब्राउझरही झाला नसता. १९९० संपेपर्यंत बर्नर्स-लीकडे चालणारा ब्राउझर आणि सर्व्हर तयार होता. कुठल्याही साध्या टर्मिनलवर चालेल असा ब्राउझर निकोला पेलो या विद्यार्थिनीने लिहिला.

आता आपलं उदाहरण

समजा, तुम्ही तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेसाठी काहीतरी बनवताय. एमपीएससीची तयारी करणारी मुलं तिथे बसतात आणि जागा पुरत नाही. नेहमीचं सिनॉप्सिस असं सुरू होईल : ‘सध्याच्या स्पर्धेच्या युगात विद्यार्थ्यांना विविध समस्यांना सामोरे जावे लागते.’ या वाक्यात अभ्यासिका काढून रेशन दुकान टाकलं, तरी वाक्य चालतंच. म्हणजे ते कुणाबद्दलच नाही.

त्याऐवजी हे बघा : ‘अभ्यासिकेत ६० खुर्च्या आहेत. सकाळी आठनंतर येणाऱ्याला जागा मिळेल याची खात्री नसते. काही मुलं सात-आठ किलोमीटरवरून सायकलने येतात आणि तशीच परत जातात. जागा आहे का हे विचारायचा एकच मार्ग म्हणजे तिथल्या काकांना फोन करणं. आम्ही सहा दिवस दारात बसून मोजलं. रोज सरासरी ९ जण परत गेले.’

यातले आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण तुमचे खरे हवेत. आणि ते मिळवणं अवघड नाही. एक वही, एक पेन, सहा सकाळी. हे एवढं केलं तरी तुमचं प्रपोजल वर्गातल्या बाकी सगळ्यांपेक्षा पुढे जातं. शिवाय शेवटी ‘तुमचा प्रोजेक्ट यशस्वी झाला कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप तयार होतं. नऊचे तीन झाले का, ते पुन्हा त्याच वहीत मोजायचं.

मग काय बनवणार? प्रत्येक खुर्चीवर क्यूआर कोड. बसताना स्कॅन, उठताना स्कॅन. किती जागा मोकळ्या आहेत ते एका वेबपेजवर दिसणार. आयडिया म्हणून छान. आता आमचे सर इथे काय विचारतील? “उठताना स्कॅन कोण करणार?” कुणीच नाही. डबा खायला निघालेला माणूस मोबाइल काढून स्कॅन करत बसत नाही. म्हणजे दुपारी बारापर्यंत तुमचं पेज ‘सगळं फुल’ सांगणार आणि हॉल अर्धा रिकामा!

हा प्रश्न तुम्ही स्वतःच प्रपोजलमध्ये लिहायचा. लपवायचा नाही. ‘मुख्य धोका : लोक उठताना स्कॅन करणार नाहीत. उपाय : दोन तासांनी जागा आपोआप मोकळी धरू, बसलेल्याने पुन्हा स्कॅन केलं तर वेळ वाढेल. तरीही आकडा चुकला, तर काका दिवसातून तीनदा मोजून आकडा टाकतील.’ कमकुवत बाजू लिहिली तर प्रपोजल नाकारलं जाईल, अशी भीती वाटते खरी. पण वाचणाऱ्याला ती बाजू दिसणारच असते. तुम्हालाही ती दिसलीय, हे त्याला कळलं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

‘काय करणार नाही’ची यादी इथे सोपी आहे. ॲप नाही, फक्त वेबपेज. फी भरणं नाही. आगाऊ बुकिंग नाही, कारण बुकिंग आलं की भांडणं आली. आणि ओटीपी लॉगिन नाही. हा शेवटचा मुद्दा जरा समजून घ्या, कारण इथे बरेच ग्रुप अडकतात. भारतात असे एसएमएस पाठवायचे, तर ट्रायच्या नियमानुसार डीएलटी प्लॅटफॉर्मवर संस्थेची नोंदणी लागते आणि मेसेजचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. चार विद्यार्थ्यांकडे संस्था कुठून येणार? डेमोच्या आठवड्यात हे कळण्यापेक्षा प्रपोजल लिहिताना कळलेलं बरं. ॲपचंही तसंच. गुगल प्ले स्टोअरवर डेव्हलपर अकाउंटला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. रक्कम मोठी नाही, पण कुणाच्या कार्डवरून भरणार हे ठरलेलं हवं.

वेळापत्रक : काम लिहू नका, काय दिसेल ते लिहा

‘आठवडा ३ ते ५ : बॅकएंड डेव्हलपमेंट’ असं सगळेच लिहितात. पाचव्या आठवड्याच्या शेवटी गाइडने नेमकं काय बघायचं? त्याऐवजी लिहा, ‘तिसऱ्या आठवड्याअखेर : १० खुर्च्यांवर क्यूआर लागलेले, स्कॅन केलं की वेबपेजवरचा आकडा बदलतो.’ हे खरं की खोटं, ते पाच मिनिटांत कळतं. आधी १०, मग ६०. १० खुर्च्यांवर फसलं तर फक्त तीन आठवडे गेले.

वेळापत्रकात इंटर्नल्स, सबमिशन, दिवाळी आणि घरातलं एखादं लग्न धरा. इंजिनियरला स्वतःच्या वेळेचा अंदाज कधीच येत नाही, मला अजूनही येत नाही. मी जे ठरवतो त्याच्या दीडपट लिहितो, तरी शेवटी दोन रात्री जातातच.

मागण्याही स्पष्ट लिहा. ‘कॉलेजचं सहकार्य अपेक्षित आहे’ ही मागणी नाही. ‘अभ्यासिकेच्या नावे कॉलेजच्या लेटरहेडवर एक परवानगीपत्र १० तारखेपर्यंत हवं’ ही मागणी. यावर समोरच्याला लगेच काहीतरी करता येतं.

गुगल समर ऑफ कोडसाठी थोडं वेगळं

हा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून तो फक्त विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही, वय मात्र किमान १८ हवं. तुम्ही एखाद्या ओपन सोर्स संस्थेला प्रपोजल पाठवता, ते तिथले मेंटॉर वाचतात. प्रोजेक्ट साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. म्हणजे वेळेचा अंदाज इथे थेट तासांत मागितला जातो, हवेत सोडून चालत नाही.

संस्थेच्या आयडिया लिस्टमधला परिच्छेद थोडा फिरवून परत त्यांनाच पाठवणं, ही इथली सगळ्यात मोठी चूक. तो त्यांनीच लिहिलाय! त्याऐवजी आधी त्यांचा कोड उतरवून चालवा, एखादा लहान बग दुरुस्त करून पाठवा आणि मग प्रपोजलमध्ये फाइलच्या नावानिशी लिहा की बदल कुठे करावा लागेल. संस्थेचा ठरलेला नमुना असेल तर तोच वापरा. मसुदा मुदतीच्या बराच आधी दाखवला तर मेंटॉर सूचना देऊ शकतात. शेवटच्या दिवशी पाठवला तर ते फक्त वाचू शकतात.

मोबाइलवर लिहिणार असाल तर

गुगल डॉक्समध्ये सगळं होतं, लॅपटॉपच हवा असं नाही. दोन-तीन पानं पुरतात. पहिल्या पानाच्या पहिल्या परिच्छेदात प्रॉब्लेम, उपाय आणि मागणी तिन्ही यायला हवेत, कारण तुमचे सरही ती फाइल व्हॉट्सॲपवर, मोबाइलवरच उघडणार आहेत. मराठीत लिहीत असाल तर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून वर्ड फाइल पाठवली, की समोर नुसती चिन्हं दिसतात.

नुसती लिंक पाठवत असाल, तर आधी शेअरिंगची परवानगी बघा. नाहीतर साहेबांना ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ची स्क्रीन दिसते, आणि ते बटण दाबण्याएवढा उत्साह कुणाला नसतो. पीडीएफच पाठवा. नाव ‘फायनल_फायनल_२’ नको, प्रोजेक्टचं नाव आणि तारीख टाका. पाठवण्याआधी मित्राच्या मोबाइलवर उघडून बघा, टेबल उजवीकडून कापलं गेलं नाही ना ते. आणि त्याच मित्राला पहिला परिच्छेद वाचायला देऊन विचारा, “आम्ही काय बनवतोय?” त्याने सांगितलं ते तुमच्या डोक्यातल्याशी जुळलं नाही, तर पाठवायचं बटण आज दाबू नका.