परंपरा नसलेली जागा : विमानतळ आणि अभिव्यक्तीचा हक्क

१/ रस्त्यावर आणि उद्यानात सभा भरवण्याचा हक्क कुठून आला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९३९ साली न्या. ओवेन रॉबर्ट्स यांनी उत्तर दिले : लोक अनादी काळापासून तेथे जमत आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलत आले आहेत, म्हणून. हक्काचा आधार परंपरा. मग ज्या जागेला परंपराच नाही, तिथे काय?

२/ १३ जुलै १९८३. लॉस एंजेलिसच्या विमानतळ मंडळाने ठराव केला की, राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने संरक्षिलेल्या कोणत्याही कृतीस मध्यवर्ती टर्मिनल परिसर खुला नाही. ही दुरुस्ती म्हणजे भाषण, धर्म, वृत्तपत्रे आणि सभा यांच्या स्वातंत्र्याची हमी. पुढच्याच वर्षी ‘ज्यूज फॉर जीझस’च्या एका धर्मप्रचारकाला पत्रके वाटताना अडवण्यात आले.

३/ १९८७ मध्ये न्यायालयाने हा ठराव एकमताने रद्द केला. न्या. सँड्रा डे ओ’कॉनर यांनी दाखवून दिले की, त्यातील शब्द जसेच्या तसे घेतले तर गप्पा मारणे, वाचन करणे, प्रचाराचा बिल्ला लावणे हेही निषिद्ध ठरते. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.

४/ तो सुटला न्यूयॉर्कच्या खटल्यात. इस्कॉनचे अनुयायी ज्याला ‘संकीर्तन’ म्हणत, त्यात ग्रंथवाटप आणि देणगी मागणे हेही येई. केनेडी, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क या विमानतळांच्या टर्मिनलमध्ये पोर्ट अथॉरिटीने दोहोंवर बंदी घातली होती. १९७५ च्या या दाव्याचा अंतिम निकाल १९९२ मध्ये लागला.

५/ सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांचे म्हणणे : आधुनिक टर्मिनल अगदी अलीकडचे, अभिव्यक्तीसाठी ते ‘अनादी काळापासून’ खुले होते असे म्हणता येत नाही. पाच विरुद्ध चार मतांनी विमानतळ ‘सार्वजनिक व्यासपीठ’ नाही, असे ठरले. सहा मतांनी देणगीबंदी टिकली. पत्रकबंदी मात्र पाच मतांनी रद्द झाली. कारण पत्रक घेऊन माणूस पुढे चालू शकतो, पाकीट उघडण्यासाठी त्याला थांबावे लागते.

६/ न्या. अँथनी केनेडी यांनी या कसोटीवरच आक्षेप घेतला. केवळ जुन्या जागांनाच संरक्षण दिले, तर समाज नव्या जागांकडे वळेल तसतसे स्वातंत्र्य आक्रसत जाईल. अनोळखी नागरिक मोठ्या संख्येने एकमेकांसमोर येतात अशा सरकारी जागा आता उरल्या आहेत किती?

७/ २८ जानेवारी २०१७. काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवरील प्रवेशबंदीविरुद्ध केनेडी विमानतळावर हजारो लोक जमले. पोलिसांनी तेथे जाणाऱ्या एअरट्रेनमध्ये तिकीटधारक प्रवासी व कर्मचारी वगळता इतरांना मज्जाव केला. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी तो आदेश त्याच दिवशी मागे घ्यायला लावला.

८/ दार उघडले ते गव्हर्नरांच्या आदेशाने, न्यायालयाच्या निकालाने नव्हे. १९९२ चा निर्णय आजही कायम आहे : नियम वाजवी असावा आणि विशिष्ट मताविरुद्ध नसावा, एवढीच त्याची अट. पण परंपरा कुठे तरी सुरू व्हावीच लागते. रस्त्यांचीही कधीतरी तशीच झाली असेल.